मागच्या अंगणातली शेगडी

यंदाच्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, माझ्या बहिणीला बडोद्यात मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी रुग्णालयातच दगावली.

घरी मागच्या अंगणात शेगडी तयार होती. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायला आईने जवळच्या सावली गावाहून गोवऱ्या मागवल्या होत्या. आमच्या सोसायटीत जाळाला बंदी आहे. उघड्यावर कचरा आणि पाचोळा जाळायला महापालिकेची मनाई होतीच. भिंतीपलीकडे राहणाऱ्या गुजराती मासींना दमा असल्याने सोसायटीने त्यात शेकोटी, चूल, शेगडी सगळंच धरलं. म्हणून आईने आधीच परवानगी मागून ठेवली होती.

"बेन, छाणां चालतील, लाकूड नको," चेअरमन गोवऱ्यांबद्दल म्हणाले होते. "आणि माझ्या गुडघ्यांसाठी थोडा शेक राखून ठेवा."

मासी म्हणाल्या होत्या, "सव्वा महिना खिडकी बंद ठेवीन. पण बाळाचा पहिला पेंडा मारो, माझाच."

बहीण एकटीच घरी आली. आईने गोवऱ्यांवर ताडपत्री टाकली. परवानगी बाळाच्या नावाने घेतली होती, आता कोणत्या तोंडाने धूर करायचा, असं तिचं म्हणणं. ती बहिणीला गरम पाण्याची पिशवी देई. बहिणीच्या छातीत दूध दाटलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून असे.

मासींची खिडकी मात्र बंद होती. तिसऱ्या सकाळी त्या भिंतीपाशी आल्या.

"बेन, मी रोज खिडकी लावून बसते. धूर कुठे आहे?"

"आता कोणासाठी, बेन?"

"बाळंतपण तर झालंच ना छोकरीचं."

आई वळली. मागच्या दारात बहीण उभी होती.

"पेटव," ती म्हणाली. "पाठीत थंडी भरलीय."

गोवऱ्यांचे निखारे झाल्यावर आईने शेगडी आत नेऊन बाजेखाली सरकवली. बाळाच्या धुरीसाठी कुटलेल्या ओवा-शेपांची पुडी तिने उघडली नाही. बहीण पालथी झाली. आई तळहात तापवून तिची कंबर शेकत राहिली.

त्यानंतर शेगडी रोज सकाळी पेटली. सोसायटीत कोणी तक्रार केली नाही. सव्वा महिना पुरा झाला त्या दिवशी आईने राख पपईच्या बुंध्याशी टाकली. दुपारी मासींनी खिडकी उघडली.