जुईनगरच्या उन्हात कोरियाची थंडी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आत्ताही नाही. तेव्हा तर मी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणजे शहाणपणाला काही सीमाच नव्हती. कुणी अंगारा पुढे केला की त्यातला कार्बन समजावून द्यायचे. आमचे हे बिचारे तोवर अंगारा लावून मोकळे व्हायचे.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, साताऱ्याकडचे. तरुणपणी लष्कराच्या वैद्यकीय पथकातून कोरियाच्या लढाईत गेलेले, जखमींची स्ट्रेचर उचलायला. तिथल्या हिवाळ्यात गोळीपेक्षा थंडीनंच जास्त पाय गेले, असं सांगायचे. म्हणून जवानांच्या जोड्या असायच्या. एकानं बूट काढून तळपाय दुसऱ्याच्या शर्टाखाली, उघड्या पोटाला लावायचे. ऐकायला छान आहे... पण जुईनगरच्या फ्लॅटमध्ये, भर मे महिन्यात, रोज तीच गोष्ट? त्यात हा माणूस लोकरीचे मोजे घालून बसणार आणि सिलिंडरवाल्यालासुद्धा 'पायाची बोटं हलवून दाखव' म्हणणार. जीव नकोसा व्हायचा.

त्या दुपारी लाइट गेलेली. मी घामानं निथळत कैरी किसतेय, तर मामंजींच्या हाका. मोजे काढले - तळपाय पांढरेफटक. हात लावला तर फ्रीजरमधलं पापलेट बरं. तळमजल्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांना पायाची नाडीच लागेना. रक्त पोचत नाहीये, उशीर झाला तर पाय कापावे लागतील म्हणाले, आणि ॲम्ब्युलन्स बघायला खाली धावले.

मामंजी अगदी शांत. म्हणाले, "सूनबाई, पोटाला लाव. जोडीदार न्हाई माझा हितं."

सासऱ्याच्या पायांना सुनेनं हात लावायचा तो सणावारी, वाकून, पदर डोक्यावर घेऊन. मी एवढी सुधारलेली, तरी आधी समोरच्या खिडकीत शेजारीण नाही ना ते पाहिलं. मगच पाय पदराखाली घेतले.

थंडी अशी चढली की माझे दात वाजायला लागले. तोंडातून वाफ निघाली... मे महिन्यात, हो! डोळे मिटायला लागले तसं मामंजींनी दरडावलं, "झोपायचं न्हाई."

ॲम्ब्युलन्स आली तोवर त्यांचे पाय कोमट, गुलाबी. डॉक्टरांना नाडी लागली. माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती मीच लपवून ठेवली होती.

माझ्या पोटावर मात्र दोन तळपायांच्या आकाराचे पांढरे, बधिर डाग. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बर्फाच्या फॅक्टरीत कामाला आहात का? म्हटलं, नाही, सासरी नांदते.

हॉस्पिटलवाले म्हणाले, गुठळी आपोआप सुटली असेल. मान्य. पण गुठळी त्यांच्या पायात आणि डाग माझ्या पोटावर, हे मी कुठल्या धड्यात बसवू? मामंजी त्याच पायांनी पुढे कित्येक वर्षं मंडईत माझ्या मागे आले आणि भाजीवाल्यांशी भांडून मला लाज आणली.

डाग गेले. पण नात गुदगुल्या करते ना, तेव्हा तेवढ्या जागी काही म्हणजे काही कळत नाही. हसायचं नाटक करावं लागतं.