आधी हात धू, मग कुशी

पाळणाघर चालवणाऱ्या बाईकडे किस्से कसे साठतात, माहितीये? मुलं विसरून गेलेल्या एकेका मोज्यासारखे! नव्वद सालाच्या आसपास मी आणि माझी धाकटी जाऊ सुमन अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर पाळणाघर चालवायचो. आमच्याकडे सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द होता 'कुशी'. मांडी गोष्ट ऐकायला, कडेवर घ्यायचं ते फिरायला. कुशी मात्र भीती वाटली की! आणि सगळ्यात भित्री मीच.

*

आमच्याकडचा पिंट्या कोंबडीला घाबरायचा. ती दिसली की "काकू, कुशी!" करत पोटात शिरायचा. एकदा सुमनच्या खांद्यावर पाल पडली. सुमन किंचाळत थेट पिंट्याच्या गळ्यात! त्याने तिला शांतपणे थोपटलं. "घाबरू नको. गेली कोंबडी!"

*

सोनीची आई छाया रंगाच्या कारखान्यात होती. पहिल्याच आठवड्यात तिने आल्या आल्या लेकीला कुशीत घेतलं आणि सोनीचं अंग पुरळाने फुललं. कपड्यांवरची रंगाची पावडर! छाया इतकी हादरली की पोरीला हात लावेना. "ताई, मला माझ्याच हातांची भीती वाटते ओ."

मग आम्ही दारात बादली, साबण आणि माझा जुना गाऊन ठेवला. आधी हात-तोंड धुवायचं, कपड्यांवर गाऊन चढवायचा, मगच कुशी!

*

तपासणी सोनीच करायची. "आई, कोपर राहिलं!" "आई, वरचं बटण!" छाया वैतागायची. "हिच्यापेक्षा आमचा सुपरवायझर परवडला गं बाई!"

*

कारखान्याची शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की मुलं चपला घालून तयार. एकदा तो भर दुपारी वाजला आणि थांबेचना. मुलं खूश, "आई आली!" मी खिडकीतून पाहिलं, तर कारखान्याच्या बाजूला पिवळा धूर. सगळ्या पोरांना आम्ही दोघींनी पोटाशी धरलं. पिंट्या म्हणाला, "काकू, तू हलतेयस."

एकेक आई धावत आली. बादलीला पाय लागून पाणी सांडलं, कुणाचं लक्षही नव्हतं. संध्याकाळ झाली. सगळी मुलं गेली, छाया आली नाही. सोनी चपला घालून दारात उभी. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

दिवेलागणीला छाया आली. डोक्यापासून पायापर्यंत पिवळी, एका पायात चप्पल नाही. लेकीला बघून उंबऱ्याबाहेरच थबकली, हात पाठीमागे लपवले.

"ताई, पाणी द्या ना लवकर..." सुमन नळाकडे धावली. नळ कोरडा!

सोनीने आईला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. मग खुंटीखाली स्टूल ओढलं, माझा गाऊन काढला आणि स्वतःच अंगात घातला. हातभर जमिनीवर लोळत होता. वरचं बटणसुद्धा लावलं.

मग दोन्ही लोंबत्या बाह्या पसरून म्हणाली, "ये आता. कुशी!"