बधिर ओठ

युद्धात बुडालेलं एक जहाज बघायला आम्ही मित्र ग्लासगोहून उत्तरेला डाइव्हिंगला गेलो. बोटीवर सकाळभर मी म्हाताऱ्या कॅप्टनच्या तोंडातल्या तोंडात बोलण्याची नक्कल करत होतो. त्याचा नियम कडक होता: वर आल्यावर आपलं नाव नीट सांगायचं, तरच दुपारी दुसरी डाइव्ह. मला ती हवीच होती.

खाली गंजलेल्या तोफेला सलाम ठोकून वर आलो, तर गारठ्यानं ओठ बधिर! नावाऐवजी नुसतं "भुभुभु" निघालं. मित्र हसून लोळले. "अरे, बास की आता कॅप्टनची नक्कल!"

आयुष्यात पहिल्यांदाच मी नक्कल करत नव्हतो. कॅप्टननं चहाचा मग माझ्या हातात कोंबला. "दुपारी तू बोटीवरच," म्हणाला, आणि थेट माझ्यासारखी मान हलवत, "भुभुभु!"