डाव्या शिंगावरची साळुंकी

मुलांच्या गोष्टीत एक बडबडा आणि एक अबोल असे दोन मित्र आले, की मी आधीच सावध होते. शेवटी बडबड्याला अद्दल घडणार आणि तो गप्प बसायला शिकणार, हे ठरलेलं असतं. नाहीतर अबोल मित्राला ऐन वेळी कंठ फुटतो आणि पुढे जन्मभर तो पोपटासारखा बोलतो. मी जन्माची बडबडी. या गोष्टींचा मला लहानपणापासून राग आहे आणि तो अजून कमी झालेला नाही.

माझी मैत्रीण गावातल्या किराणा दुकानदाराची मुलगी. आमची शेती, आणि घरं समोरासमोर. मी ओरडतच दाराबाहेर पडायचे. ती वेणी नीट करून, दार हळूच लोटून यायची. शाळेपर्यंत मी बोलायचे, ती ऐकायची. तिचे पाढे पाठ, अक्षर वळणदार, पण गुरुजींनी उभं केलं की नजर फरशीवर आणि ओठ घट्ट.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. चौथीच्या वर्षी गुरुजींनी बजावलं, की तोंडी परीक्षेत हिनं गोष्ट सांगितली नाही, तर हिला चौथीतच ठेवीन. पाचवीसाठी आम्हाला एसटीनं वर्ध्याला जायचं होतं. तिचे वडील दुकानात वजन करता करता म्हणाले, "राहू द्या मंग एक साल इथंच." ऐकून माझं डोकं फिरलं. त्या एसटीत मी तिच्याशिवाय चढणार नव्हते. ती गोष्ट सांगणार, असं मी ठरवून टाकलं. तिला मात्र मी विचारलं नाही.

पुस्तकातल्या गोष्टी मला पसंत नव्हत्या, म्हणून मीच एक रचली. दुपारी धाम नदीत म्हशी बसायच्या आणि साळुंक्या त्यांच्या अंगाखांद्यावर. माझ्या गोष्टीतली काळी म्हैस हूं की चूं करायची नाही आणि तिच्या डाव्या शिंगावर बसून एक साळुंकी दिवसभर कलकलायची. गुराखी पोरगा वैतागला, त्यानं दगड भिरकावून साळुंकीला हाकललं. म्हैस जी नदीत जाऊन बसली, ती उठेचना. शेवटी पोरानं हात जोडून साळुंकीला परत बोलावलं. गोष्टीतल्या म्हशीवरून मैत्रीण रुसेल, अशी मला धास्ती होती. ती एवढंच म्हणाली, "साळुंकी तू हायेस."

रोज संध्याकाळी ओट्यावर शेंगा फोडत मी ती गोष्ट सांगायचे. मग म्हणायचे, आता तू सांग. ती शेंगा फोडत राहायची. "तुले जीभ हाय का नाई?" असंही विचारून झालं. एक दिवस मी वैतागून कशीतरी गोष्ट उरकत होते.

"साळुंकी उजव्या शिंगावर बसली..."

"डाव्या," मान वर न करता ती म्हणाली.

"काय फरक पडते?"

"काल डाव्या होतं. परवा बी डाव्या."

मी मुद्दाम म्हटलं, म्हैस भुरी होती. "काळी." गुराखी म्हातारा होता. "पोरगा." बरोबर सांगितलेल्या गोष्टीत तिला भर घालायची नसायची, पण चूक तिला भातातल्या खड्यासारखी लागायची. मला इतका आनंद झाला, की मी तिच्या वाट्याच्या शेंगाही फोडून टाकल्या.

परीक्षेच्या दिवशी ती गुरुजींच्या टेबलाशी उभी राहिली. "सांग गोष्ट," गुरुजी म्हणाले. तिची नजर फरशीवर गेली. त्यांनी पुन्हा विचारलं आणि पेन्सिल उचलली. पेन्सिल कागदावर टेकायच्या आत मी बाकावरून मोठ्यानं म्हणाले, "एक भुरी म्हैस होती!"

"तुला विचारलं का?"

"तिच्या उजव्या शिंगावर कावळा बसायचा."

वर्ग हसला. गुरुजी उठले आणि त्यांनी मला दार दाखवलं. जाता जाता मी म्हणून घेतलं, "अन् ते म्हैस विहिरीत बसली." मग बाहेर जाऊन खिडकीचे गज धरले.

गुरुजी परत खुर्चीत बसले. आता हिला चौथीतच ठेवणार आणि मला बदडणार, असं वाटलं.

"काळी होती," ती म्हणाली.

"काय?"

"म्हैस काळी होती. कावळा नाई, साळुंकी. अन् डाव्या शिंगावर."

मग ती सांगतच गेली. तिचे वडील साखरेची पुडी बांधायचे तसं, घाई न करता, एकेक वाक्य घट्ट करून. पोरानं दगड मारला. साळुंकी उडाली. म्हैस धामेच्या पाण्यात जाऊन बसली. इथं ती थांबली.

गोष्टीचा शेवटच राहिला होता. ती विसरली असं वाटून मी सांगायला तोंड उघडलं. तिनं खिडकीकडे पाहिलं आणि जराशी मान हलवली.

"मग?" गुरुजी म्हणाले.

"मंग उठली नाई."

"कधीपर्यंत?"

"साळुंकी बाहेर उभी हाय, गुरुजी. तिले आत घ्या, मंग उठन."

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. ती जागची हलली नाही. अखेर त्यांनी मला हात केला. मी आत गेले आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता तिच्या शेजारी उभी राहिले.

"मंग म्हैस उठली," ती म्हणाली.

पोरानं हात जोडल्याचं तिनं गाळलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. दर गोष्टीला तात्पर्य विचारणाऱ्या गुरुजींनीही त्या दिवशी काही विचारलं नाही, नुसते गुण मांडले.

पुढे ती वर्गात बोलायला लागली, असं काही झालं नाही. मीही गप्प बसायला शिकले नाही. जूनमध्ये आम्ही दोघी वर्ध्याच्या एसटीत चढलो. मी पळत जाऊन एक बाक धरला आणि ओरडून तिला बोलावलं. ती सावकाश आली, माझ्याकडे पाहिलं आणि दप्तर हातातच धरून उभी राहिली.

"सरक," ती म्हणाली. "तू डावीकडं."