सिस्टरांचा बुढ्ढा सेट

‘‘हात धुतले का रे बाबू?’’

सिस्टरांच्या घरी कॉम्प्युटरला बोट लावायच्या आधी हा प्रश्न यायचाच. आणि नुसतं पाण्याखाली धरून चालायचं नाही. अंगणातल्या नळावर साबण लावून, नखं घासून, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि वर धरून वाऱ्यावर वाळवायचे. टॉवेलला पुसले तर पुन्हा धुवायला लावायच्या. मी एकदा म्हणालो, ‘‘सिस्टर, मी मेकॅनिक आहे.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मंग काय झालं? डाक्टर बी धुतेत.’’

नर्सबाई होत्या त्या. चामोर्शीच्या आसपासच्या गावांमध्ये तीस-बत्तीस वर्षं बाळंतपणं केलेली. आधी पायी, मग सायकलवर, शेवटी शेवटी मोपेडवर. रिटायर होऊनही त्यांना कोणी नावानं हाक मारली नाही. शेजारी, दुकानदार, भाजीवाल्या, सगळ्यांच्या त्या सिस्टरच. अशी माणसं तुमच्याही गावात असतील, ज्यांचं नाव पहिल्यांदा त्यांच्या दुखवट्यालाच कळतं.

माझं चंद्रपुरात दुकान होतं. अब्बा तिथं रेडिओ दुरुस्त करायचे, मी कॉम्प्युटर जोडून द्यायला लागलो. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. पोरं नागपूर-पुण्याला नोकरीला लागली होती आणि तिकडून फोन करायची, आई-बाबांसाठी एक स्वस्तातला कॉम्प्युटर बसवून दे, त्यांना काय, पत्ते खेळायचे आणि फोटो पाहायचे. अशा ऑर्डरींना आमच्या दुकानात एक नाव होतं. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. ‘बुढ्ढा सेट.’ कॅबिनेट नवं आणि चकचकीत, मॉनिटर बरा, आणि आत जे जे जुनं पडून असेल ते. म्हाताऱ्यांना काय कळतंय, असा सगळा हिशेब. अब्बा रेडिओत जुना पार्ट घालायचे तेव्हा आधी गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवून दाखवायचे. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा.

सिस्टरांच्या मुलीनं नागपूरहून फोन केला आणि मी त्यांच्यासाठीही बुढ्ढा सेटच बांधला. हार्ड डिस्क एका बंद पडलेल्या ऑफिसच्या भंगारातून उचललेली होती. फ्लॉपीची जागा मी रिकामीच ठेवून वर झाकण लावलं. कशाला लागते?

मशीन सुरू केल्यावर सिस्टर खाली वाकल्या आणि कॅबिनेटवर तळहात ठेवून डोळे मिटून ऐकत राहिल्या.

‘‘हे काऊन असं वाजून राह्यलं? धाप लागल्यावानी?’’

‘‘आवाज तर येतोच सिस्टर. सगळ्यांचाच येतो.’’

‘‘बरं बाप्पा. तुले जास्त समजते.’’

पत्ते खेळायला त्यांना कॉम्प्युटर नकोच होता. कपाटातून त्यांनी वह्यांचा एक गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. सरकारी रजिस्टर वेगळं, ह्या त्यांच्या स्वतःच्या. केलेल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद होती. आईचं नाव, गाव, तारीख, वेळ, वजन, आणि शेवटी एखादं वाक्य. ‘भाताची रोवणी चालू. बाप बांधावरून पळत आला.’ ‘मोह वेचायला गेली असताना कळा.’ ‘पायाळू. रडायला वेळ लावला.’ आमच्या भागात जन्मतारीख माहीत नसलेली माणसं थोडी नाहीत. शाळेत घालायचं असो, फॉर्म भरायचा असो, लोक सिस्टरांकडे यायचे. वहीला सरकारी किंमत नव्हती, पण तिच्यातली तारीख हाती असली की सरकारी रजिस्टरात नाव सापडायचं. पार मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्त्यांतून माणसं यायची.

आणि त्या वह्यांना वाळवी लागली होती. अर्धी पानं जाळीदार झालेली. वाळवी वह्यांतून कपाटात आणि कपाटातून दाराच्या चौकटीत शिरली होती. ती सगळं खाऊन टाकायच्या आत सिस्टरांना सगळ्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये घालायच्या होत्या.

मी मशीनमध्ये मराठी अक्षरं बसवून दिली आणि बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या. सिस्टर एका बोटानं टाइप करायच्या. अडलं की दुकानात फोन यायचा. ‘‘बाबू, क्ष कुठी लपला?’’ मी सांगायचो. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. ‘‘सापडला. आता ज्ञ सांग.’’ कधी एखादी नोंद वाचून दाखवायच्या आणि स्वतःच हसायच्या. ‘‘हा पोट्टा आता एसटीत कंडक्टर हाय. मले फुकट नाई नेत मेला.’’ खरं सांगायचं तर मला ते फोन आवडायचे. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानातही मी ते घ्यायचो.

वर्षभर त्यांनी ते काम केलं. लाइट गेली की पंख्याशिवाय बसून वाट बघायची, आली की पुन्हा सुरू. सगळ्या नोंदी घालून झाल्यावर मी गेलो असताना म्हणाल्या, ‘‘ह्याची एखादी नक्कल ठेवता येते का बाबू? दुसरीकडं?’’

येत होती. फ्लॉपी बसवली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण मग रिकाम्या जागेवरचं झाकण काढावं लागलं असतं आणि त्यांच्यासमोर मशीन उघडावं लागलं असतं. मी म्हणालो, ‘‘गरज नाही सिस्टर. मशीन नवं आहे.’’

‘‘मंग वह्या जाळू? घर खाऊन राह्यली ही वाळवी.’’

‘‘जाळा. सगळं आत आहे.’’

हे माझे शब्द आहेत. शुद्धीत, चहा पिताना बोललेले. सिस्टरांनी परसात नेऊन त्या वह्या जाळल्या.

पुढच्या उन्हाळ्यात सकाळीच फोन आला. ‘‘बाबू, काहीच दिसून नाई राह्यलं. काळं हाय सगळं.’’ मी पहिल्या एसटीनं गेलो. मशीन चालू केलं तर आतून टक्-टक्, टक्-टक्. त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलेला आवाज आता उघड उघड येत होता. चंद्रपूरला नेऊन जे जे येत होतं ते सगळं करून पाहिलं. डिस्क मेली होती. एकही नाव परत आलं नाही.

नवी कोरी डिस्क घालून मी मशीन परत नेलं. मनात ठरवून गेलो होतो की आज सांगून टाकायचं. सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, ‘‘परवा लाइट गेली तवा मी बंद करायचं बटन दाबलंच नाई. माह्याच हातानं गेलं ना बाबू?’’

आणि मी म्हणालो, ‘‘होतं असं कधी कधी.’’

एवढंच. वकिलाला उभं केलं तर तो म्हणेल, ह्यात खोटं काहीच नाही. त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे. त्या बाईनं डोळे पुसले आणि नवी डिस्क मी फुकट घातली म्हणून मलाच चिवडा बांधून दिला. गावभर सांगितलं की पोरगा मोठ्या मनाचा आहे. त्या बोलण्यावर मला चामोर्शीत तीन गिऱ्हाइकं मिळाली. त्यांना मी नवे पार्ट घातले. एवढं तरी लिहू द्या.

त्यानंतर एकदाच मी त्यांच्या घरी गेलो. तेव्हा मुलचेऱ्याकडचा एक माणूस ओसरीवर बसला होता. पोरीचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता, तारीख हवी होती. सिस्टर कपाळाला हात लावून आठवत होत्या. ‘‘तुही बायको आठवते ना मले. झड लागली होती, कंदील तूच धरला होता. पोरगी चांगली सहा पौंडाची. पण तारीख नाई येत रे भाऊ.’’ त्या माणसानं फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. मग सिस्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ‘‘ह्या बाबूनं चांगलं मशीन देलं होतं. मीच बिघडवलं. ह्याचा काही दोष नाई.’’

त्या माणसानं मला नमस्कार केला. मी कामाचं निमित्त सांगून उठलो, आणि पुन्हा त्या घराकडे फिरकलो नाही. पुढच्या महिन्यात जाऊ, दिवाळीनंतर जाऊ, असं करत किती वर्षं घालवली ते मला चांगलं माहीत आहे.

त्या गेल्याचं मला दुकानात कळलं. महिन्याभरानं त्यांची मुलगी नागपूरला परत जाताना वाट वाकडी करून आली. मी खुर्ची दिली, पाणी दिलं.

‘‘शेवटी शेवटी आईला कोणाची ओळख राहिली नव्हती,’’ ती म्हणाली. ‘‘पण तुमचं नाव काढायची. म्हणायची, त्या बाबूचं मशीन मी खराब केलं, त्यानं स्वतःच्या पदरचं घातलं. त्याले म्हण, मले माफ कर. माझ्याकडून वचन घेतलं तिनं, म्हणून आले.’’

दुकानात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. पंखा चालू होता. मला वेळ भरपूर होता, आणि समोर सिस्टरांची मुलगी हात जोडून बसली होती.

‘‘असू द्या ताई,’’ मी म्हणालो, ‘‘माझ्या मनात काही नाही.’’

तिला हलकं वाटलेलं दिसलं. जाताना ती दोनदा आभार मानून गेली.