आधी पेज, मग प्रश्न

एखाद्या पोराने प्रश्न विचारला की गुरुजी डोक्यावरची काळी टोपी काढून टेबलावर ठेवायचे आणि खाली पोरांच्या ओळीत येऊन बसायचे. मांडी घालायचे, पोरांसारखेच हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि म्हणायचे, "आता हे कुणाला तरी शोधायला लागणार."

तुम्हीही तुमच्या लहानपणी मास्तर पाहिले असतील. माझं लहानपण तर मुंबईच्या इंग्रजी शाळेत गेलं. तिथे उत्तर पुस्तकात असायचं आणि ते उभं राहून पूर्ण वाक्यात सांगायचं असायचं. ठाऊक नसलेली गोष्ट शिक्षकाने ठाऊक नाही म्हणून सांगावी, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या लोकल बोर्डाच्या एका खोलीच्या शाळेत.

लढाई सुरू होती. मुंबईवर बॉम्ब पडतील म्हणून मला मामांच्या घरून उचलून धसईला आणलं. माझे वडील तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होते. घरी बसून मी कुणाशीच बोलेना, तेव्हा वडिलांनीच गुरुजींना विचारलं आणि मी त्यांच्या शाळेत बिनपगारी 'बाई' झाले. लहान पोरांना धुळीत अक्षरं गिरवायला लावायची, एवढंच माझं काम. तेवढ्या वेळात मी गुरुजींकडे बघत असे.

ते घाटावरचे. घरचं कुणी नव्हतं. शाळेला लागून एक खोली, तिच्यामागे पाण्याचा रांजण, दोरीवर एक धोतर. पोरं त्यांना भीत नसत. कसाऱ्याला जाऊन आलेल्या एका पोराने विचारलं, "गुरुजी, आगगाडीला घाट चढताना मागनं दुसरं इंजिन का लावतात?" तर सगळी शाळा टेकाडावर दगड भरलेली हातगाडी ढकलायला गेली. आधी एकाने नुसती ओढायची, मग एकाने ओढायची आणि एकाने ढकलायची. परत आल्यावर गुरुजींच्या धोतराला एवढी माती, की एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, तुमची आय मारंल तुमाला." ते सगळ्यांच्या आधी हसले.

माझ्याशी ते बेताने बोलत. एकदाच म्हणाले, "बाई, तुम्ही रोज काहीतरी विचारायचं ठेवून घरी जाता." मी म्हटलं, "नाही, काही नाही." त्यांनी पुन्हा छेडलं नाही.

त्या वर्षी धान्याची टंचाई होती. घरातलं भात सरकारच्या सक्तीच्या वसुलीत, लेव्हीत गेलेलं, दुकानात मिळेल ते पुरत नसे. डोंगरकडेच्या घरांतून कडूकंद शिजू लागला. हा कंद जंगलात फुकट मिळतो, पण विषारी असतो. त्याच्या फोडी करून राखेच्या पाण्यात उकळतात आणि बांबूच्या पाटीत घालून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवतात. मग तो खाता येतो.

भागी म्हणून एक पोरगी होती, दहा-अकराची, किडकिडीत, नाकात चमकी. तिने विचारलं, "गुरुजी, कंद रातभर पान्यात का ठेवतात? थोड्या टायमात का नाय होत?"

टोपी टेबलावर गेली.

दुसऱ्या दिवशी भागीने घरून उकडलेल्या फोडी आणल्या. पाटी ओहोळात ठेवली. थोड्या थोड्या वेळाने गुरुजी दोन फोडी काढायला लावत आणि पळसाच्या पानावर मांडत. रंग बघा, वास घ्या, बोटाने दाबा, पाण्याला फेस येतो का बघा. पोरं पानांभोवती उकिडवी बसली होती. त्यांना एवढं शांत मी कधी पाहिलं नव्हतं.

मधली सुट्टी झाली. परत आलो तर पळसाची पानं रिकामी.

"फोडी कुठे गेल्या?" गुरुजींनी विचारलं. मग मागच्या बाजूने ओकारीचा आवाज आला. भागी भिंतीला धरून उभी होती. तोंडाला लाळ, डोळे भलतीकडेच.

गुरुजींनी तिला खांद्यावर घेतलं आणि धसईच्या वाटेने पळाले. मी मागून. त्यांच्या पायातल्या वहाणा बांधावरच राहिल्या.

वडिलांनी मिठाचं पाणी पाजून तिला पुन्हा पुन्हा ओकायला लावलं. गुरुजी पायरीवर बसून होते. तिन्हीसांजेला वडील बाहेर आले आणि म्हणाले, "झोपली आहे. वाचेल." तेव्हाही गुरुजी उठले नाहीत. भागीची आई तोवर रानातून आली होती. कासोटा खोवलेला, हातात कोयता तसाच. आत जाऊन तिने पोरीच्या अंगावरून हात फिरवला आणि बाहेर येऊन ती गुरुजींपुढे उभी राहिली.

"काय वो गुरुजी, माझ्या पोरीवर परीक्षा करता?"

"चुकलं माझं. चाखू नका म्हणून सांगायला हवं होतं."

"सांगून काय व्हनार व्हतं? काल रातपासनं तिच्या पोटात काय नव्हतं. आनि तुमी तिच्यापुढं खायाचं मांडून ठेवलंत. बघा म्हने!"

"मी सगळं बघायला सांगितलं," गुरुजी म्हणाले, "आणि हे माझ्याच डोळ्यांना दिसलं नाही."

ती आत पोरीजवळ जाऊन बसली.

त्यानंतर टोपी डोक्यावरून उतरली नाही. पाढे, कविता, नद्यांची नावं, सगळं एका सुरात. कुणी हात वर केला तर "पाठ म्हण" एवढंच. शाळा बाहेरून ऐकणाऱ्याला ती आता खरी शाळा वाटली असेल. भागी बरी होऊन आली, तिने हात वर केला, तिलाही तेच उत्तर मिळालं. ती खाली बसली आणि दिवसभर खिडकीबाहेर बघत राहिली. गुरुजींना ते दिसत होतं.

मग एका सकाळी भागीची आई डोक्यावर मडकं घेऊन शाळेत आली. आता ही गुरुजींना काय करते, याकडे सगळ्यांचे डोळे.

"गुरुजी, पोर म्हनते शाळंत आता कायच नसतं."

"शिकवतो की मी. रोज शिकवतो."

"इचारू देत नाय म्हने तुमी. मग घरी येऊन मला इचारते. चूल का फुकायची, राख का घालायची, माझा डोका खाते नुसता. तुमच्या शाळंची कटकट माझ्या चुलीपाशी नको."

पोरं फिसकन हसली. गुरुजी हसले नाहीत. "मला आता भीती वाटते," ते हळूच म्हणाले. मोठ्या माणसाने पोरांसमोर असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"वाटू द्या. मला नाय वाटत? तरी धाडते ना मी तिला," ती म्हणाली आणि मडकं खाली ठेवलं. त्यात नाचणीची पेज होती. "आदी पोरांना ही घाला. मग काय ते इचारा."

शाळेमागे तीन दगडांची चूल मांडली गेली. ज्याच्या घरी असेल त्याने मूठभर नाचणी किंवा कणी आणायची, नसेल त्याने लाकूड आणायचं. मीठ आणि कमी पडेल ते गुरुजींचं. ते स्वतः पेज वाढत, आणि वाढताना प्रत्येक पोराचं तोंड निरखून बघत. शेवटचं पोर तोंड पुसून बसलं की मगच टोपीला हात जाई.

कंदाचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. भागीच्या आईलाच बोलावलं. अर्ध्या फोडी ओहोळात, अर्ध्या मडक्यातल्या पाण्यात. सकाळी तिने दोन्हींना जिभेचं टोक लावलं आणि ती थुंकली. ओहोळातल्यांचा कडूपणा उतरला होता, मडक्यातल्या तशाच कडू. "विष पान्यासंगती जातं," भागी म्हणाली, "मडक्यातलं पानी जानार कुठं?" गुरुजींनी तिच्याकडे असं पाहिलं की मी नजर दुसरीकडे वळवली.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांना हिवताप आला. त्यावरचं औषध, कोयनेल, लढाईवर जात होतं, वडिलांच्या कपाटात थोडंच उरलं होतं. ते सगळं दिलं. ताप उतरे, पुन्हा चढे. शेवटी डोलीतून मुरबाडला आणि तिथून पुढे कल्याणला नेलं. तिथून ते परत आले नाहीत.

नवे मास्तर येईपर्यंत शाळा माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी पेज झाली, पोरं तोंडं पुसून बसली, आणि भागीने विचारलं, "बाई, गुरुजी कशानं मेले?"

मी खाली बसले. वडिलांकडून ऐकलं होतं ते सांगितलं. हिवताप डासांपासून येतो, डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतात, पाण्यात आधी अळ्या होतात.

"कुठल्या पान्यात?" ती म्हणाली.

मला सांगता येईना. पोरं उठली. कुणी विहिरीकडे गेलं, कुणी गुरांच्या डबक्याकडे, कुणी खाचराच्या कडेला. मी दारात उभी राहून त्यांच्या वाकलेल्या पाठी बघत होते.

भागी दूर गेली नव्हती. गुरुजींच्या बंद खोलीमागे, रांजणाच्या काठावर दोन्ही हात टेकून ती आत बघत होती. बराच वेळ बघत होती.

"बाई," तिने हाक मारली, "हितं हायत."

मी गेले. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. त्यात बारीक बारीक अळ्या वर येत होत्या, खाली जात होत्या. एकेक करून सगळी पोरं आली, वाकून बघून रांजणाभोवती उभी राहिली. मग भागीने रांजणाला खांदा लावला, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तो आडवा केला.