मीठ काढून उरलेलं पाणी

नव्वदच्या दशकाच्या मध्यात वाशीच्या आमच्या वाचनालयात एक इंग्रजी डिक्शनरी होती. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं गायब, त्यामुळे ती कुणी छापली, कधी छापली, काही कळायला मार्ग नव्हता. मी अकरावी सायन्सला. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली, आणि कॉलेजात एकदम सगळं इंग्रजीत. डोक्यावरून जायचं. केमिस्ट्रीचे शब्द बघायला म्हणून ती उघडली, केमिस्ट्री राहिली बाजूला, आणि मी डिक्शनरीच्याच नादी लागले.

साधी गोष्ट साधेपणाने सांगायची नाही, असा तिने चंगच बांधला होता. उचकी म्हणजे काय, तर छातीखालच्या पडद्याचं आपल्या इच्छेविरुद्ध होणारं, अचानक आवाज करून थांबणारं आकुंचन. तीन ओळी. आणि शब्द तरी कसले! मेंढीच्या शेपटीशी चिकटलेल्या मळक्या लोकरीला वेगळा शब्द. शेतात न नांगरता सोडलेल्या पट्टीला वेगळा. वाचताना मला अक्षरशः नाचावंसं वाटायचं, आणि शेजारी सगळे माना खाली घालून अभ्यास करत बसलेले.

आम्ही साताऱ्याकडचे. वडील मार्केटात कामाला, राहायला शिरवण्यात भाड्याने. घरमालकीण काकू तळमजल्यावर. त्यांच्या सासरची खाडीला लागून मिठागरं होती. ती नव्या शहरासाठी घेतली गेली आणि तिथे बिल्डिंगा उभ्या राहिल्या. काकूंना वाचता येत नव्हतं, पण कोडं घातलं की त्या सोडवल्याशिवाय उठायच्या नाहीत. संध्याकाळी त्या मासे साफ करत बसल्या की मी पाठ करून आणलेला अर्थ मराठीत सांगायचे, त्यांनी वस्तू ओळखायची.

"उचकी गो," मान वर न करता त्या म्हणाल्या. "यवढं लांबन कशाला लावलंय?"

काकूंचं आणि त्यांच्या जावेचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. जाऊ पलीकडच्या गल्लीत राहायची. ती येऊन गेली की काकू हमखास म्हणायच्या, "मीठ काढून उरलेलं पानी हाय ती." मी एकदा विचारलंच, म्हणजे काय? तर मिठागराच्या वाफ्यातलं मीठ ओढून घेतलं की तळाला थोडं पाणी उरतं. इतकं कडू की जिभेला लागलं तर थुंकावं. त्याचं परत मीठ होत नाही, खाडीत सोडून द्यावं लागतं.

एके दिवशी वाचनालयात गेले तर डिक्शनरी रद्दीच्या गठ्ठ्यावर. माझं डोकंच फिरलं.

"यातले निम्मे शब्द आता कुणी वापरत नाही," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"म्हणूनच ठेवायला पाहिजे ना," मी फणकारले. "मला द्या."

बाई अडचणीत आल्या, कारण आणखी एकांनी ती आधीच मागितली होती. रोज पेपरच्या टेबलाशी बसून इंग्रजी शब्दकोडं थेट पेनाने सोडवणारे एक रिटायर्ड काका. पेनाने! त्यांच्यापुढे माझा काय पाड लागणार? शेवटी बाईंनीच तोडगा काढला. शनिवारी दोघांनी यायचं. त्या शब्द झाकून नुसता अर्थ वाचतील. पाचांत जो जास्त वस्तू ओळखेल त्याची डिक्शनरी. उत्तर मराठीत चालेल.

शनिवारी आम्ही दोघं बाईंसमोर बसलो. पहिले दोन काकांनी पटापट ओळखले. तिसऱ्याला चाळण आली, ती माझी. चौथ्याला सुतळीचा पीळ, तोही माझाच. दोन-दोन. मला खुर्चीत बसवेना.

पाचवा अर्थ बाईंनी दोनदा वाचला. लांबलचक, अगडबंब शब्दांचा. मला त्यातले तीनच कळले: मीठ, कडू, उरलेलं. काकांनी डोळे मिटले आणि सावकाश म्हणाले, "समुद्राचं पाणी."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. आणि मी उभी राहून ओरडले, "काकूंची जाऊ!"

सगळं वाचनालय माझ्याकडे बघायला लागलं. मग मी धापा टाकत सांगितलं: वाफ्यातलं मीठ काढल्यावर उरतं ते कडू पाणी, ज्याचं परत मीठ होत नाही. बाईंनी बोट बाजूला केलं. बिटर्न. शब्द मी जन्मात ऐकला नव्हता, पण वस्तू बरोबर होती.

"कुठल्या पुस्तकात वाचलंस हे?" काकांनी विचारलं.

"पुस्तकात नाही, शिरवण्यात."

काकांनी खिशातलं पेन काढलं आणि तो शब्द आपल्या डायरीत उतरवून घेतला. मला ते फार आवडलं.

ते ओझं छातीशी धरून मी बसने घरी आले आणि तशीच काकूंपुढे बसले. आधी इंग्रजीतून वाचलं, मग मराठीतून. काकूंनी विळी बाजूला सारली.

"आमचं पानी? इंग्रजी पुस्तकात?"

"हो, काकू. छापलंय."

"परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी नीट कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "पाय कुठं हायत?"

"कसले पाय?"

त्यांनी पातळ जरा वर घेऊन पाय पुढे केले. मिठागर सुटून इतकी वर्षं झाली होती, तरी टाचांच्या भेगांत बोटाचं नख मावलं असतं. "त्या पान्यात उभं कोन ऱ्हायचं? ते लिवलं नाय त्यांनी. तू लिव."

मी पेन काढलं आणि समासात मराठीत लिहिलं: या पाण्यात उभं राहून पायांना भेगा पडतात. काकूंनी विचारलं, यातला पाय कुठला? मी दाखवला. त्या शब्दावर त्यांनी ओला अंगठा ठेवला, आणि माशाचं एक खवलं पानाला चिकटलं.

"जा, माज्या जावेला बोलाव," त्या म्हणाल्या.

मी चाट पडले. "तिला कशाला?"

"ती पन होती ना माज्या बाजूला, पान्यात."

मी पळत सुटले.